वायू कुणाच्या वाट्याला? उरण, ट्रॉम्बे आणि दाभोळच्या वीजकेंद्रांविषयी वाचकांचे प्रश्न

नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन या सदरातून केलं होतं. उरणपासून गुहागरपर्यंतची पत्रं आली. कुणाला इतिहास हवा आहे, कुणाला यंत्र समजून घ्यायचं आहे, कुणाचा सवाल थेट वीजबिलाचा आहे. उत्तरं लिहिताना एक गोष्ट वारंवार समोर आली. या केंद्रांचं नशीब टर्बाइनने कमी आणि पाइपातल्या वायूने जास्त ठरवलं. म्हणून जिथे जमलं तिथे वायू कुठून आला आणि पुढे कुणाकडे वळला, हेही सांगितलं आहे.

प्रश्न (उरण) : बोकडविऱ्याचं गॅस टर्बाइन केंद्र इथेच का उभं राहिलं? आता ते ६७२ मेगावॅटचं म्हणतात, पण जुने कामगार ९१२ चा आकडा सांगतात. खरा कुठला?

दोन्ही खरे, काळ वेगळा. १९८२ मध्ये ६० मेगावॅटचे चार संच आले, म्हणजे २४० मेगावॅट. १९८५-८६ मध्ये १०८ मेगावॅटचे चार बसले, ते ४३२. १९९४ मध्ये १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच जोडले गेले, ते पुन्हा २४०. बेरीज ९१२. पुढे ६० चे जुने संच टप्प्याटप्प्याने मोडीत निघाले आणि ४३२ अधिक २४० म्हणजे ६७२ उरले. मधल्या काळातल्या कागदांवर ८५२ हा आकडा दिसेल. तेव्हा ६० चे तीन संच हिशेबात होते.

जागेचं उत्तर समुद्रात आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेल शोधलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल टँकरने यायचं. १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत तेलाची आणि वायूची नळी आली. आता अडचण अशी, की कच्च्या तेलासोबत त्यात विरघळलेला वायूही वर येतो. तेल हवं असेल तर हा वायू थांबवता येत नाही. गिऱ्हाईक नसेल तर तो फलाटावरच्या ज्योतीत जाळून टाकावा लागतो, आणि त्या वर्षांत तो मोठ्या प्रमाणावर जाळला जात होता.

उरणला ओएनजीसीच्या प्रकल्पात या वायूतून घरगुती सिलिंडरचा एलपीजी आणि रसायन उद्योगाला लागणारे जड घटक वेगळे काढतात. उरतो तो मुख्यतः मिथेन. तो खत कारखान्यांना आणि वीजकेंद्रांना देता येतो. वीज मंडळाला तेव्हा विजेची निकड होती. कोळशाचं केंद्र उभारायला चार-पाच वर्षं सहज जातात, गॅस टर्बाइन मात्र कारखान्यातून जवळपास जोडलेलं येतं. पाया, इंधनाची नळी, ट्रान्सफॉर्मर आणि वाहिनी तयार असली की दोन वर्षांत वीज मिळू लागते. वायू उतरतो तिथेच केंद्र बांधायचं, हा निर्णय त्यामुळे अगदी सरळ होता.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. १०८ मेगावॅटची टर्बाइनं आठ-नऊ वर्षं एकटीच चालली. त्यांच्या धुराड्यातून ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा गरम वायू सरळ आकाशात जात होता. त्याच उष्णतेवर १९९४ नंतर २४० मेगावॅट निघू लागले, एक घनमीटरही जादा वायू न जाळता. वायू स्वस्त होता आणि नाही वापरला तर समुद्रात जळतच होता, म्हणून घाई कुणाला वाटली नाही. पुढे वायूची टंचाई आली तेव्हा त्या वर्षांची किंमत कळली.

प्रश्न (डोंबिवली, विद्युत पदविकेची विद्यार्थिनी) : गॅस टर्बाइन सुरू करताना नक्की काय क्रम असतो? ‘कम्बाइंड सायकल’मध्ये ते वाफेच्या संचाशी कसं जोडतात? परीक्षेपुरतं नको, केंद्रावर होतं तसं सांगा.

आधी यंत्राची घडण. एकाच दांड्यावर पुढे कॉम्प्रेसर, मध्ये ज्वलनकक्ष, मागे टर्बाइन आणि टोकाला जनित्र. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून तिचा दाब दहा-पंधरा पट करतो, कक्षात वायू जळतो, तापलेला झोत टर्बाइनची पाती फिरवतो. टर्बाइनने कमावलेल्या शक्तीतला निम्म्याहून अधिक भाग कॉम्प्रेसरच खातो. जगातलं पहिलं सार्वजनिक वीजपुरवठ्याचं गॅस टर्बाइन १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नॉयशातेल इथे ब्राउन बोव्हेरी कंपनीने बसवलं. त्याचं टर्बाइन १५ मेगावॅटहून अधिक शक्ती काढत होतं, पण ११ हून अधिक कॉम्प्रेसरला जायचे आणि हाती फक्त ४ मेगावॅट लागायचे. कार्यक्षमता १७.४ टक्के. तेव्हापासूनची सारी प्रगती म्हणजे जास्त तापमान सोसणारी पाती आणि कमी खाणारा कॉम्प्रेसर.

सुरुवातीचा क्रम असा. दांडा आधीपासून टर्निंग गिअरवर सावकाश फिरत असला पाहिजे, नाहीतर स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो आणि वेग वाढताच थरथर सुरू होते. वंगण तेलाचा दाब आणि तापमान पाहायचं. वायूच्या झडपा गळत नाहीत याची चाचणी घ्यायची. मग स्टार्टिंग मोटर किंवा स्टॅटिक कन्व्हर्टरने दांडा शुद्धीकरणाच्या वेगाला नेऊन काही मिनिटं नुसती हवा ढकलायची. याला पर्जिंग म्हणतात. मागच्या वेळचा न जळलेला वायू टर्बाइनमध्ये किंवा मागच्या बॉयलरमध्ये साचला असेल, तर ठिणगी पडताच स्फोट होतो. बॉयलरसह सगळ्या पोकळीतली हवा किमान पाच वेळा बदलेल इतका वेळ पर्जिंग झालं पाहिजे. घाई असली तरी ही मिनिटं कापायची नाहीत.

पूर्ण वेगाच्या १५ ते २० टक्क्यांवर ठिणगी आणि वायू एकदमच देतात. काही सेकंदांत फ्लेम डिटेक्टरला ज्योत दिसली नाही तर वायू आपोआप बंद होतो, आणि पुन्हा पर्जिंगपासून सुरुवात करावी लागते. ज्योत स्थिरावली की वेग वाढतो. साधारण ६० टक्क्यांवर टर्बाइन स्वतःचा भार स्वतः पेलतं आणि स्टार्टिंग मोटर सुटते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर व्होल्टेज, वारंवारिता आणि कला (फेज) वीजजाळ्याशी जुळवून ब्रेकर जोडतात. बटण दाबल्यापासून इथवर पंधरा ते तीस मिनिटं.

वाफेच्या बाजूला मात्र सबुरी लागते. टर्बाइनचा गरम झोत उष्णता-पुनर्प्राप्ती बॉयलरच्या नळ्यांवरून जातो आणि तिथे झालेल्या वाफेवर वाफेचं टर्बाइन फिरतं; हीच कम्बाइंड सायकल. बॉयलरचा ड्रम जाड पोलादाचा असतो. तो झपाट्याने तापवला तर आतला थर फुगतो, बाहेरचा थंड राहतो आणि तडे जातात. म्हणून रात्री बंद करून सकाळी सुरू केलं तर तास-दीड तास, आणि पूर्ण थंड पडलेला संच असेल तर तीन-चार तास लागतात. तोवरची वाफ टर्बाइनला न देता बायपासने कंडेन्सरकडे वळवतात.

आता बिघाड. समुद्रकाठच्या केंद्रात पहिला शत्रू खारी हवा. हवेच्या गाळण्या पावसाळ्यात ओल्या होऊन तुंबतात. गाळणीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक वाढत गेला की बदलायची वेळ झाली असं समजायचं. जे मीठ आणि तेलकट धूळ आत जाते, ती कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसते आणि उत्पादन हळूहळू पाच-सात टक्के उतरतं. उपाय म्हणजे क्षारमुक्त पाण्याने धुणं. चालू यंत्रात फवारा मारून थोडं सुधारतं. नीट साफ करायचं तर यंत्र थंड करून, स्टार्टिंग मोटरवर फिरवत, साबण घालून धुवावं लागतं.

दुसरा शत्रू वायूबरोबर येणारा द्रव. नळीत दाब उतरला की वायू थंड होतो आणि जड घटकांचे थेंब बनतात. असा थेंब बर्नरमध्ये गेला तर एका जागी ज्योत भडकते आणि पातं वितळतं. म्हणून टर्बाइनआधी द्रव वेगळा करणारी टाकी असते, आणि त्यानंतर वायू त्याच्या दवबिंदूपेक्षा २५-३० अंश जास्त तापवतात. बर्नर बिघडल्याची पहिली खूण धुराड्यातल्या तापमापकांत दिसते. गोलाकार बसवलेल्या थर्मोकपलपैकी दोन-तीन शेजारचे बाकीच्यांपेक्षा एकदम थंड किंवा गरम दाखवू लागले, तर त्या बाजूचा बर्नर तपासायचाच.

तिसरी अडचण उन्हाची. यंत्राचा पाटीवरचा आकडा १५ अंशांच्या हवेवर असतो. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे अर्धा ते पाऊण टक्का घट. १०८ मेगावॅटचं टर्बाइन ३५ अंशांत ९५ च्या आसपास देतं. मे महिन्यात मुंबईला विजेची सर्वाधिक गरज असते आणि नेमकं तेव्हाच यंत्र कमी देतं, हे नियोजनात धरावंच लागतं.

प्रश्न (चेंबूर) : ट्रॉम्बेची उंच चिमणी गॅसची आहे का? कधीकधी सकाळी पिवळसर धूर दिसतो. तो वायूवरच्या यंत्राचा असू शकतो का?

ट्रॉम्बेला टाटांचे वाफेचे पहिले संच १९५० च्या दशकातले. पाचवा संच १९८४ चा, ५०० मेगावॅटचा, आणि त्या आकाराचा देशातला पहिला. तो कोळसा, तेल आणि वायू अशा तिन्ही इंधनांना धरून बांधला होता. सहावा संच १९९० चा, तोही ५०० मेगावॅटचा, तेल आणि वायूवरचा. सुमारे २७५ मीटरची चिमणी त्याच्यासाठी उभारली. सातवा मात्र खरा गॅस टर्बाइनचा : १२० मेगावॅटचं टर्बाइन आणि त्याच्या उष्णतेवर ६० मेगावॅटचं वाफेचं, असे १८० मेगावॅट, १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातले.

वायू दोन प्रकारे जाळता येतो, हे इथे लक्षात घ्यावं. सहाव्या संचात तो बॉयलरखाली जळतो आणि त्याच्या उष्णतेतली जेमतेम ३६ ते ३८ टक्के वीज होते. सातव्यात तो टर्बाइनमध्ये जळतो, मग वाफ करतो, आणि त्याच वायूतून बरीच जास्त वीज निघते. वायू महागला तेव्हा बॉयलरखाली जाळणं परवडेना, आणि ५०० मेगावॅटचा तो संच बराच काळ राखीव राहिला.

पिवळसर धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असू शकतो. गॅस टर्बाइन सुरू होताना, भार कमी असताना, तो थोडा वेळ दिसतो आणि भार वाढला की जातो. पांढरा ढग असेल तर बहुतेक वाफ. एक घनमीटर मिथेन जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. चिमणीतून काळा धूर दिसला तर तो वायूचा नव्हे. तेलाचा, किंवा शेजारच्या दुसऱ्या कारखान्याचा.

प्रश्न (मुलुंड) : आमच्या स्वयंपाकघरात येणारा पाइप गॅस आणि वीजकेंद्राचा गॅस एकच का?

मूळ एकच, मिथेन. घरी तो सुमारे २१ मिलिबार इतक्या हलक्या दाबाने येतो. टर्बाइनला ज्वलनकक्षातल्या हवेपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणजे वीस बार किंवा त्याहून अधिक. तुमच्या घरच्या वायूचा वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या रसायनाचा. गळती कळावी म्हणून तो घालतात.

आणि हे दोन्ही वाटेकरी एकाच वायूवर हक्क सांगतात. २०१४ पासून देशी वायूत घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला पहिला मान मिळाला. वीजकेंद्रं नंतर. उरणच्या ६७२ मेगावॅटचा हिशेब करून पाहा. जुन्या यंत्रांना एका युनिटला सुमारे २,००० किलोकॅलरी लागतात, आणि वायूच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ९,००० असतात. पूर्ण भाराने दिवसभरात १ कोटी ६१ लाख युनिट होतात, म्हणजे रोज सुमारे ३६ लाख घनमीटर वायू. तो निम्मा आला तर निम्मं केंद्र उभं राहतं. मुंबईची स्वयंपाकघरं आणि रिक्षा-टॅक्सी या वायूवर चालाव्यात, हे आमच्या मते योग्यच आहे. शहराच्या हवेचा तो मोठा फायदा आहे. मात्र उरणच्या कमी उत्पादनासाठी तिथल्या यंत्राला किंवा माणसांना बोल लावू नये.

प्रश्न (गिरगाव, मूळ गाव गुहागर) : एन्रॉनच्या वेळी आम्ही लहान होतो. दाभोळ प्रकल्प बुडाला तो भ्रष्टाचारामुळे की तंत्रामुळे? आणि आता ते केंद्र चालतं का?

प्रकल्प दाभोळच्या नावाने ओळखला जातो, पण तो वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूर भागात आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. आरोपांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे करार आणि इंधन एवढंच पाहू, कारण केंद्र बुडायला तेवढं पुरेसं होतं.

डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीची दाभोळ पॉवर कंपनी आणि वीज मंडळ यांच्यात करार झाला. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर पुन्हा केला. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, मे १९९९ मध्ये सुरू झाला. दुसरा १,४४४ मेगावॅटचा, जवळपास पूर्ण होऊन थांबला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

करारातली गोम अशी. वीज घेतली नाही तरी केंद्र तयार ठेवल्याचा स्थिर आकार मंडळाने द्यायचा होता, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. रुपया घसरला की दर चढणार. पहिल्या टप्प्याचं इंधन नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखा हलका द्रव, तेही खनिज तेलाच्या भावाला जोडलेलं. तेल चढलं तेव्हा दर आणखी चढला. मग मंडळाने वीज कमी उचलली, आणि स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला गेल्याने प्रत्येक युनिट अधिकच महाग दिसू लागलं. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ मध्ये याच मांडणीची चिकित्सा केली.

नाफ्था यंत्रालाही गैरसोयीचा. तो लवकर पेट घेतो, म्हणून बहुतेक ठिकाणी यंत्र डिझेलवर सुरू करून भार आल्यावर नाफ्थ्यावर नेतात, आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर आणतात. त्याला वंगणाचा गुण नाही, त्यामुळे पंप आणि इंधन वाटणारी उपकरणं झिजतात. गळती झाली की वाफ जमिनीलगत पसरते. वायूचं केंद्र नाफ्थ्यावर चालवणं ही तात्पुरती सोय म्हणून ठीक. दाभोळला मात्र वायू येईपर्यंत तोच आधार होता.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली आणि केंद्राला नवा जन्म मिळाला. क्षमता १,९६७ मेगावॅट, तीन विभागांत. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या डी-६ क्षेत्रातून वायू आला तेव्हा केंद्र जोमाने चाललं. त्या क्षेत्राचं उत्पादन २०१० मध्ये दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या घरात गेलं आणि पुढे झपाट्याने आटलं. २०१३ मध्ये वीजकेंद्रांचा वाटा शून्यावर आला. त्या वायूच्या भरवशावर देशभर बांधलेली हजारो मेगावॅटची केंद्रं अशीच अडकली. दाभोळमधून २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी सुमारे ५०० मेगावॅट पुन्हा सुरू झाले, म्हणजे क्षमतेचा चौथा हिस्सा.

शेजारचं द्रवरूप वायूचं टर्मिनल वर्षाला ५० लाख टनांसाठी आखलेलं. जहाजाला लाटांपासून आडोसा देणारा बंधारा अपुरा राहिल्याने अनेक वर्षं पावसाळ्यात जहाज लावता येत नव्हतं. मेच्या मध्यापासून चार महिने कोकणच्या समुद्रावर उघड्या धक्क्याला वायूचं जहाज उभं करणं शक्यच नसतं. चालू केंद्र, चालू टर्मिनल आणि अपुरा बंधारा, या तिन्हींत सगळ्यात साधी गोष्ट दगडांची होती आणि तीच मागे राहिली.

प्रश्न (ठाणे) : वायूची वीज महाग आहे असं ऐकतो. कितीला पडते?

हिशेब घरी करता येतो. वायूचा भाव एमएमबीटीयूला डॉलरमध्ये सांगतात. एक एमएमबीटीयू म्हणजे सुमारे २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. एकत्रित चक्राच्या (कम्बाइंड सायकल) बऱ्या केंद्राला एका युनिटला १,९०० किलोकॅलरी धरल्या, तर त्यातून १३२ युनिट निघतात. म्हणून वायूचा भाव रुपयांत आणा आणि १३२ ने भागा.

२०१० मध्ये सरकारी दराचा वायू ४.२ डॉलर होता. डॉलर ४६ रुपयांच्या आसपास, म्हणजे इंधनखर्च युनिटला दीड रुपयाच्या आत. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या क्षेत्रांच्या वायूला ६.५ डॉलरची कमाल मर्यादा घातली. डॉलर ८२ धरला तर चार रुपये. आयात वायू १२ डॉलरला आणि डॉलर ८५ ला धरला, तर पावणेआठ रुपये. ऑगस्ट २०२२ मध्ये आशियातला तत्काळ खरेदीचा भाव ५० डॉलरच्या वर गेला होता. त्या भावाने युनिटचं फक्त इंधनच तीस रुपयांचं होतं. या आकड्यांत वाहतूक, कर आणि केंद्राचा स्थिर खर्च धरलेला नाही.

वीज पाठवताना स्वस्त संच आधी, महाग नंतर, असा मेरिट ऑर्डरचा नियम असतो. आयात वायूवरचा संच त्या यादीत तळाला जातो आणि संध्याकाळच्या मागणीसाठी किंवा कडक उन्हाळ्यातच वर येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ खाली वायूच्या केंद्रांना चालण्याचे आदेश दिले, ते याच कारणाने. सूर्य मावळल्यावर सौर वीज तासाभरात उतरते, आणि तेवढ्या वेगात चढू शकणारं मोठं यंत्र जलविद्युत सोडलं तर गॅस टर्बाइनच आहे.

प्रश्न (अंधेरी) : १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली. जवळच वायूची केंद्रं असताना ती कामी का आली नाहीत?

त्या सोमवारी सकाळी दहानंतर बाहेरून येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक सुटल्या आणि लोकलसकट शहर थांबलं. मुंबईसाठी १९८१ पासून ‘आयलंडिंग’ची योजना आहे. बाहेरचं जाळं कोसळलं तर शहर वेगळं पडतं आणि ट्रॉम्बे, डहाणू व टाटांच्या जलविद्युत केंद्रांवर तगतं. पण वेगळं पडण्याच्या क्षणी आतलं उत्पादन आणि उरलेला भार जुळायला हवा. भार जास्त असेल तर तो रिलेने काही क्षणांत कापला गेला पाहिजे. त्या दिवशी शहरातल्या आत चालू असलेलं उत्पादन भाराच्या मानाने कमी पडलं आणि बेट तगलं नाही.

गॅस टर्बाइनची इथे एक जन्मजात कमजोरी आहे. वारंवारिता घसरली की दांडा मंदावतो, कॉम्प्रेसर हवा कमी खेचतो आणि कक्षातलं तापमान चढतं. पाती वाचवायला नियंत्रक इंधन कमी करतो. म्हणजे जाळ्याला सर्वाधिक गरज असते त्या क्षणी यंत्राचं उत्पादन उतरतं. वाफेच्या संचाचं असं होत नाही, निदान पहिल्या काही क्षणांत तरी.

बंद पडलेलं टर्बाइन उठवायला स्टार्टिंग मोटर, तेलपंप, पंखे मिळून दोन-तीन मेगावॅटची सोय बाहेरून किंवा डिझेल जनित्रातून लागते. जलविद्युत संचाला झडप उघडण्यापुरती शक्ती पुरते. त्यामुळे पूर्ण अंधारातून शहर उठवताना सुरुवात खोपोली, भिवपुरी, भिरा यांच्यापासून होते, आणि तिथली वीज औष्णिक संचांना उठवायला वापरतात. आणखी एक : जे केंद्र वायूअभावी महिनाभर थंड उभं आहे, ते संकटाच्या दिवशी तासाभरात हाताशी येत नाही.

प्रश्न (पनवेल, वीजकेंद्रात कंत्राटी तंत्रज्ञ) : संच रोज चालू-बंद होऊ लागले की दुरुस्तीचं गणित कसं बदलतं?

पार बदलतं. मोठ्या औद्योगिक टर्बाइनसाठी ढोबळ मोजमाप असं : ज्वलनकक्षाची तपासणी ८,००० तासांना, गरम मार्गाची, म्हणजे तापलेला झोत जातो त्या भागांची, २४,००० ला, संपूर्ण उघडून ४८,००० ला. पण गरम मार्गाला दुसरी मर्यादाही असते, साधारण ९०० ते १,२०० वेळा सुरू करण्याची. जी आधी गाठली जाईल ती लागू. वर्षभर अखंड चालणारं यंत्र तीन वर्षांत तासांनी तिथे पोचतं. वर्षाला ३०० दिवस, रोज आठ तास चालवलं, तर तासांच्या हिशेबाने दहा वर्षं लागतील, पण ९०० वेळा सुरू करणं तीनच वर्षांत भरतं. फक्त तास मोजणारी नोंदवही इथे फसवते. पूर्ण भारावरून झालेली एक ट्रिप, म्हणजे यंत्र अचानक बंद पडणं, सर्वसाधारणपणे आठ वेळा सुरू करण्याइतकी धरतात, म्हणून वायूचा दाब उतरून झालेल्या ट्रिपासुद्धा नोंदवायच्या.

काय शोधायचं तेही बदलतं. अखंड चालणाऱ्या यंत्रात पात्यांचा लेप झिजतो आणि धातू ताणला जातो. रोज बंद होणाऱ्यात पात्याच्या कडेला, थंड हवेच्या छिद्रांपाशी, केसासारखे तडे पडतात. ते बोरस्कोपने, म्हणजे यंत्र न उघडता आत पाहायच्या दुर्बिणीने, दिसतात. बॉयलरमध्ये नळी जिथे हेडरला, म्हणजे नळ्या एकत्र येतात त्या जाड पाइपला, जोडली आहे तिथला जोड आधी गळतो.

आणि उभ्या यंत्राची काळजी. काही दिवसांसाठीच बंद असेल तर बॉयलर पाण्याने पूर्ण भरून वर नायट्रोजनचा दाब ठेवतात. मुक्काम लांबणार असेल तर गरम असतानाच पाणी काढून, नळ्या कोरड्या करून, कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरतात. अर्धवट ओला बॉयलर सगळ्यात वाईट, पाण्याच्या रेषेवर खड्डे पडतात. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी कोरड्या हवेचं यंत्र लावावं आणि दांडा ठरलेल्या वेळी फिरवावा. उरणसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर हे केलं नाही, तर पहिल्या पावसातच पुढच्या पात्यांवर गंजाचे ठिपके दिसू लागतात. ते घासून गेले तरी खाली राहिलेल्या खळगीपासूनच पुढे तडा सुरू होतो.